सप्टेंबरची ओल संक्रांतीपर्यंत कशी टिकवायची

आमचं रान सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यात, दक्षिणेच्या अंगाला. कॅनॉल आमच्यापर्यंत आलेला नाही आणि बोअर दिवाळीनंतर धाप टाकतं. खालच्या बाजूला काळं रान, वर मुरमाड माळ, आणि वर्षाचं सगळं गणित रब्बीच्या ज्वारीवर. गावातली नव्यानं शेतीत उतरलेली पोरं विचारतात, "काकू, आधी ठिबक घ्यावं का शेततळं?" माझं सांगणं एकच असतं. दोन्ही चांगलं आहे, पण पहिला पैसा आणि पहिली मेहनत पडलेलं पाणी रानातच मुरवण्यावर घाला. तळं आणि पाइप त्याच्या नंतर.

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण चार हजार लिटर पाणी होतं. म्हणजे 25 मिलिमीटरची एक बरी सर एकरी लाख लिटर देऊन जाते, दहा हजार लिटरचे दहा टँकर. ते टँकर तुमच्या रानात रिते होतात का नाल्यात, हे जुलैतच ठरलेलं असतं.

पावसाची तऱ्हा तर आता बदललीच आहे. 2023 ला आपल्या जिल्ह्यातले पाच तालुके दुष्काळी जाहीर झाले, आणि 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला असा पूर आला की माढा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली. लांबलचक उघडीप, मग एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस. त्यामुळे रान असं पाहिजे की आलेलं पाणी धरील आणि जास्तीचं बांध न फोडता बाहेर सोडील.

सुरुवात रानाची खोली बघण्यापासून करा. पहार आणि टिकाव घेऊन रानात चार ठिकाणी खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते मोजा. शेजारी विहीर किंवा नाल्याची कड असेल तर तिथे थर उघडेच दिसतात. फूटभरावर मुरूम लागला तर रान हलकं, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्याखाली भारी. ज्वारीची जात यावरच निवडायची. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी 35-1, भारी रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. मालदांडी ही मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातली स्वातंत्र्याआधीची निवड, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्या भाकरीची चव मला दुसऱ्या कशात लागत नाही. पण माळावर तीच पेरायचा हट्ट धरू नका. हलक्या रानातली ओल लवकर सरते, तिथे लवकर निसवणारी, म्हणजे कणीस लवकर बाहेर काढणारी जातच दाणा भरते.

जुलैत एक-दोन पाऊस झाले की कुळवून घ्या आणि वाफे पाडा. मी बारा फूट बाय बारा फुटांचे वाफे करते, वरंबा वीतभर उंच. ट्रॅक्टरचं सारा यंत्र भाड्यानं मिळतं, नाहीतर बैलांनी उताराला आडवे सारे काढून वर खोऱ्यानं आडवे वरंबे घालता येतात. पडेल तो पाऊस ज्या त्या वाफ्यात थांबतो. रानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बांधाला जास्तीचं पाणी जायला वाट, म्हणजे दगडी सांडवा, मात्र ठेवाच. 2025 सारखा पाऊस आला तर सांडवा नसलेला बांध फुटतो आणि वरची पोयट्याची माती घेऊन जातो. पाणी पुन्हा येईल, माती येत नाही. पेरणीच्या तोंडावर हलकी पाळी घालून वाफे मोडा, म्हणजे तणही जातं.

घरी एक पर्जन्यमापक ठेवा. सरळ भिंतीचं, वर-खाली सारख्या रुंदीचं कुठलंही भांडं आणि आत मिलिमीटरची पट्टी, एवढं पुरतं. उघड्यावर, झाडापासून लांब ठेवायचं, सकाळी मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. महावेध या सरकारी हवामान प्रकल्पाचं स्वयंचलित केंद्र महसूल मंडळाला एक असतं. तिथे पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असं नाही.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान. उत्तरा नक्षत्रात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळाला तर हस्ताची वाट बघत बसू नका. वाफसा ओळखायचा तर हातभर खोल उकरा, तिथली माती मुठीत दाबा. लाडू झाला आणि हाताला चिखल लागला नाही, तर चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे पेरायला, हरकत नाही.

त्याआधी बियाणं तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडा, गुंडाळून ठेवा, चार दिवसांनी मोजा. पंचाहत्तरच्या खाली उगवले तर ते बी पेरू नका. एकरी चार किलो बी पुरतं. दाण्यावरच्या काणी या बुरशीच्या रोगासाठी किलोला 4 ग्रॅम 300 मेश, म्हणजे बारीक, गंधक चोळा, मग ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत प्रत्येकी 25 ग्रॅम, आणि बी सावलीत सुकवा. दोन चाड्यांची पाभर, म्हणजे पेरायचं अवजार, मिळाली तर तीच वापरा. एका चाड्यातून खत, दुसऱ्यातून बी, खत ओलीत पडतं. मध्यम रानाला एकरी 35 किलो युरिया आणि 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरतानाच द्यायचं. कोरडवाहूत वरून खत फेकून उपयोग होत नाही, वरची माती कोरडीच असते. दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा.

आता कोळपणी, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं. खरी ओल इथेच राखली जाते, आणि आळसही इथेच होतो. "तण नाही तर कोळपायचं कशाला?" हे मी दरवर्षी ऐकते. आमचे मामा, म्हणजे सासरे, म्हणायचे, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. काळी माती वाळली की आकसते आणि भेगाळते. डिसेंबरात भेगेत काठी सोडून बघा, हातभर आत जाते. त्या भेगेतून खालची ओल दिवसभर वाफ होऊन निघून जाते, आणि भेग रुंदावली की ज्वारीच्या मुळ्या तटातट तुटतात. पोटरीतलं, म्हणजे कणीस अजून पानात असलेलं पीक दुपारी पानं गुंडाळतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून कोळपण्या तीन. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या कोळप्यानं आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. पहिल्या वेळी भेग केसाएवढी असते, तण काढणं हाच हेतू. दुसरीत वरचा दोन बोटांचा थर मोकळा भुसभुशीत होतो, तोच रानावरचं पांघरूण. तिसरी सगळ्यात मोलाची. दातेरी कोळप्याचे दात माती कुस्करतात आणि ती भेगांत पडून भेगा बुजतात. ताटं वाढलेली असतात, म्हणून बैलाला मुसकं बांधून सावकाश हाका. बैल नसतील तर सायकल कोळपं घ्या, ते एकट्या बाईला सहज ढकलता येतं. आमच्या जाऊबाई आणि मी दोघी मिळून वरचा माळ त्यानंच काढतो. तुरीचा भुसकट, काडीकचरा हाताशी असेल तर पाचव्या आठवड्याच्या आत ओळींमध्ये पसरा. सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे. या कामाच्या शिफारशी तिथेच मागा, दुकानदाराकडे नको.

एवढं केलं तर एक पाणी पीक तारून नेतं. एकच देणं शक्य असेल तर पोटरीत असताना, पेरणीपासून 50 ते 55 दिवसांनी द्या. तुषार संचानं 5 सेंटिमीटर पाणी दिलं तर एकराला सुमारे दोन लाख लिटर लागतं. शेततळं इथे कामाला येतं. वर 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराच्या बाजू धरल्या तर तळ्यात जवळजवळ 22 लाख लिटर मावतं. मुरमात खोदलं तर 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद लागतोच. त्याच तळ्यावरून मे महिन्यातलं ऊन दिवसाला सेंटिमीटरभर, म्हणजे नऊ हजार लिटर उचलतं. म्हणून पाणी राखून ठेवू नका, डिसेंबरच्या आत ज्वारीला, हरभऱ्याला देऊन टाका. बोअर उपसून तळं भरणं मला पटत नाही. जमिनीखालचं सगळ्या गावाचं पाणी एकाच्या तळ्यात उन्हाला घालायचं, त्याला पाणी साठवणं कसं म्हणायचं? तळं ओढ्यानाल्याच्या वाहत्या पाण्यावरच भरा. आणि चारी बाजूंनी कुंपण करा, आत गाठी मारलेले दोर सोडून ठेवा. कागद शेवाळला की पोहणाऱ्यालासुद्धा वर येता येत नाही. पोरं गेली आहेत अशा तळ्यांत. हा खर्च तळ्याच्या खर्चातच धरा.

मोबाईलवर मेघदूत आणि दामिनी ही दोन ॲप ठेवा. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, त्यावरून पाणी द्यायचा आणि काढणीचा दिवस ठरवता येतो. दामिनी विजेची सूचना देतं. परतीच्या पावसात रानात बायका असतात, तेव्हा ती बघूनच कामाला जा. पीकविमा काढला असेल आणि अतिवृष्टीनं पीक गेलं, तर पाण्यातल्या रानाचा फोटो काढून ठेवा.

पुढच्या वर्षीचं बी काढणीआधी उभ्या पिकातच निवडा. रानाच्या मधल्या भागातली, टपोऱ्या दाण्यांची, काणी नसलेली कणसं दोरा बांधून ठेवा, ती वेगळी खुडा, काठीनं झोडपून दाणे काढा आणि चांगलं ऊन देऊन कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवा. सुधारित वाणाचं बी असं दोन-तीन वर्षं वापरता येतं. संकरित असेल तर दरवर्षी नवंच घ्यावं लागतं.