पहिल्या दोन आज्ञांवर कॉटेज मिटिंगमधे अभ्यास कसा घ्यायचा

कॉटेज मिटिंगला, म्हणजे विश्वासी लोकांच्या घरगुती प्रार्थनासभेला, मूर्तिपूजेचा विषय निघाला की आपल्याकडं बरेच जण सरळ शेजारच्या देव्हाऱ्यावर घसरतात आणि तिथंच अभ्यास बिघडतो. दहा आज्ञांतल्या पहिल्या दोन, दुसरे देव नकोत आणि मूर्ती करून पुजू नका, या देवानं दिल्या त्या त्याच्या स्वतःच्या लोकांना, इस्राएलाला, आणि संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, पिढ्यान्पिढ्या ओरडले ते जास्त करून आपल्याच घरावर. म्हणून जालना, परभणी, बीडकडं कुणाला हा विषय घ्यायचा असंल तर मला जी पद्धत बरी वाटते ती सांगतो.

सुरुवात बायबलमधल्या निर्गम 20:3 (अध्याय 20, वचन 3) पासून करू नका, 20:2 पासून करा. "तुला दास्यातून बाहेर काढणारा तुझा देव मीच" हे आधी येतं, मग "दुसरे देव नकोत" येतं. आधी सुटका आणि मग आज्ञा, हा क्रम लोकांच्या मनात बसला की ही आज्ञा दम दिल्यासारखी वाटत नाही. मिटिंगला कॅथलिक सोयरे असतील तर एवढंच सांगा की त्यांच्याकडं या दोन्ही मिळून एकच आज्ञा मोजतात, उगं त्यावरून वाद नको.

मग निर्गम 32 पूर्ण वाचायला लावा, कुणीतरी मोठ्यानं. लोकांचा पुढारी मोशे देवाकडून आज्ञा घ्यायला 40 दिवस डोंगरावर, लोकांना वाट बघवली नाही, कानातलं सोनं काढून दिलं आणि वासरू झालं. इथं पाचवं वचन दोनदा वाचा, कारण ते सगळे गडबडीत सोडून जातात: मोशेचा भाऊ अहरोन, ज्यानं वासरू केलं, तो म्हणतो उद्या परमेश्वराचा सण. म्हणजे नाव खऱ्याच देवाचं घेतलं होतं, पण आपल्याला पाहिजे तसा, डोळ्याला दिसणारा, लवकर ऐकणारा देव करून घेतला. माझ्या मते अख्ख्या अभ्यासाचा गाभा हाच आहे, कारण चर्चला जाणाऱ्या माणसाची मूर्तिपूजा बहुतेक याच वाटेनं येते.

याला जोडून 2 राजे 18:4 काढा. अरण्यात देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळेचा साप, शेकडो वर्षांनी लोक त्याच्यापुढं धूप जाळायला लागले, म्हणून हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. आता विचारा, आपल्या घरात असं काय आहे? सभेतून आणलेली तेलाची बाटली, उशाखाली ठेवलेलं पण कधीच न उघडलेलं बायबल, एखाद्या प्रचारकाचा फोटो. वस्तू वाईट नसती, तिच्यावर टेकलेला भरवसा बघायचा. आणि कलस्सै 3:5 मधे प्रेषित पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, तेव्हा हुंड्याचा आणि बांधाच्या भांडणाचा विषय पण टाळू नका, माणसं गप्प होतील, होऊ द्या.

दुष्काळी भागात 1 राजे 17 आणि 18 घ्यायलाच पाहिजे. बआल म्हणजे कनानी लोकांचा पावसाचा, वादळाचा देव, म्हणून तर देवाचा संदेष्टा एलीया याच्या काळातला दुष्काळ थेट त्याच मुद्द्यावर होता की पाऊस कुणाच्या हातात आहे. कर्मेल डोंगरावर बआलाचे 450 संदेष्टे एकीकडं आणि एलीया एकटा, अन् अशा टंचाईत तो होमावर 12 घागरी पाणी ओततो! टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे पाणी ओतणं काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. शेवटी बआलाच्या संदेष्ट्यांना मारलं ते वचन लपवू नका, पण ते त्या काळच्या इस्राएलातलं आहे आणि येशूनं आपल्याला तलवार दिलेली नाही हे तेव्हाच स्पष्ट बोला.

आता जो प्रश्न हमखास येतो तो कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणाचा. 1 करिंथ 8 आणि 10 एकत्रच वाचा, एक सोडून दुसरा वाचला की गोंधळ होतो. पौलाचं म्हणणं असं की मूर्तीला अर्पण होतं त्या विधीत आपण सामील व्हायचं नाही, पण कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता जेवा, आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे तर खाऊ नका. तिथं भाषण द्यायचं नाही, हात जोडायचे, "मला साधं वरण-भात चालंल" म्हणायचं आणि पंगतीत बसायचं, उठून जाऊ नका. सोबत नवीन विश्वासी असंल तर त्याच्यासाठी आपणही मटण सोडायचं, हे 8:13 मधे आहे.

सासरी एकटीच विश्वासात आलेली सून असती, तिला जास्त जपून उत्तर द्या. 2 राजे 5:18 मधे खऱ्या देवावर नुकताच विश्वास ठेवलेला परका सेनापती नामान विचारतो की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, देव क्षमा करील का? संदेष्टा अलीशा त्याला रागावत नाही, "शांतीने जा" म्हणतो. त्या बाईला घर सोडायला किंवा देव्हारा हलवायला कुणीही सांगू नये, मग तो कितीही मोठा पाळक असो. तिच्यासोबत प्रार्थना करा, फोन करत राहा.

शेजाऱ्यांबद्दल प्रेषितांची कृत्ये 19:37 पाठच करून घ्या. एफिस शहरात पौलाच्या प्रचारावरून दंगल झाली तेव्हा तिथला नगरलेखकच लोकांना सांगतो की या माणसांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. पौल एफिसात बराच काळ राहिला, एकाच देवाविषयी उघड बोलला, तरी त्याच्याबद्दल ही साक्ष. म्हणून मिटिंगला लाउडस्पीकर लावू नका, कुणाच्या देवाचं नाव घेऊन टोमणा नको, आणि पुढच्या बैठकीला 1 करिंथ 8 घरून वाचून यायला सांगा.