कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही? फोनकडून वाचून घ्या

बेळगावात माझ्या वयाची पुष्कळ मंडळी अशी, की बाजारात भाजीवाल्या अक्काशी कन्नडमध्ये घासाघीस करतील, पण तेच कन्नड कागदावर आलं की नातवाला हाक मारतील. शाळा मराठी, कन्नड शिकलो ते गल्लीत. जिभेला येतं, डोळ्याला येत नाही.

मला त्याचा फटका विजेच्या बिलात बसला. 2023 मध्ये कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आली आणि आमचं बिल शून्य यायला लागलं. 2022-23 मधल्या आपल्या वापराच्या सरासरीवर 10 टक्के जादा, आणि तेही 200 युनिटच्या आत, एवढी वीज फुकट. दोघांच्या घराला लागते किती? मी बिल बघायचंच सोडलं. आलं की कॅलेंडरमागे खोचायचं. मग मे महिन्यात पाहुणे आले, पंखे रात्रंदिवस फिरले आणि युनिटं मर्यादेबाहेर गेली. बिलावर आकडे ढीगभर होते, त्यातला भरायचा कुठला हे काही मला कळलं नाही. लाईनमन दारात येऊन उभा राहिला तेव्हा कळलं. त्यानंतर मी हे शिकलो.

आधी फोनवर गूगल ट्रान्सलेट घ्या. उघडलं की दोन भाषांची नावं दिसतील. डावीकडे कन्नड आणि उजवीकडे मराठी करा. भाषा आपोआप ओळखण्याचीही सोय असते, पण बिलावर अधूनमधून इंग्रजी असतं, त्यात ते गोंधळतं. आपणच सांगितलेलं बरं.

मग फोटो. सगळं काम इथंच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मशीनमधून येणारं ते लांबोडकं बिल गुंडाळी होऊन बसतं आणि काही महिन्यांत त्याची शाई उडते. म्हणून आल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. बिल हातात धरू नका, हात थरथरतो. खिडकीजवळच्या टेबलावर पसरा आणि वरच्या-खालच्या टोकाला एकेक वाटी ठेवा. उजेड बाजूनं येऊ द्या. खिडकीकडं पाठ केलीत तर तुमचीच सावली कागदावर पडेल. आता ट्रान्सलेटमधलं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा. दाबल्याबरोबर कागदावर मराठी अक्षरं नाचायला लागतील. ती वाचायच्या नादाला लागू नका, डोकं फिरतं. फोन स्थिर धरा, खालचं गोल बटण दाबा आणि चित्र थांबवा.

बहुतेक लोक इथं थांबतात आणि मराठी भाषांतर वाचतात. मी वाचत नाही. ते भाषांतर कधी ठीक असतं, कधी भलतंच. एकदा पाटीवरच्या होसूरचं त्यानं ‘नवं गाव’ करून टाकलं. शब्दाचा अर्थ बरोबर, पण त्या नावानं विचारत फिरलो असतो तर कुणी पत्ता सांगितला असता?

त्यापेक्षा त्या फोटोतला मजकूर निवडा आणि मुख्य पडद्यावर घ्या. कन्नड मजकुराजवळ कर्ण्याचं छोटं चिन्ह असतं, ते दाबा. फोन कन्नड वाचून दाखवतो. आणि ऐकलेलं कन्नड आपल्याला कळतं की! आवाज बारीक येत असेल तर तो बोलत असतानाच बाजूचं बटण दाबा. एरवी दाबलंत तर कधीकधी रिंगचा आवाज वाढतो आणि वाचणं तसंच पुटपुटत राहतं. आठवडाभर मला वाटत होतं की माझे कानच गेले. (चिन्हांच्या जागा नवीन आवृत्तीत इकडच्या तिकडं होतात. सापडलं नाही तर घाबरू नका, कर्णा शोधा.)

बिलात कान कशाला द्यायचा? ‘पावतिसबेकाद मोत्त’ म्हणजे भरायची रक्कम. ‘ओट्टु मोत्त’ म्हणजे एकूण. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. ‘बाकी’ म्हणजे बाकीच. चार वेळा ऐकलं की त्या शब्दांची जागा पाठ होते. मग अक्षरही हळूहळू ओळखीचं होतं. आकडे कुठं कन्नडमध्ये असतील तर दोन आणि तीन आपल्या दोन-तीनसारखेच दिसतात. एक मात्र घोड्याच्या नालेसारखा असतो, त्याला शून्य समजू नका.

हातानं लिहिलेलं फोनला धड लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातच विचारा. जमिनीचा उतारा, कोर्टाची नोटीस, सही करायचा कुठलाही कागद यात तर फोनवर अजिबात विसंबू नका. जाणता माणूस गाठून त्याच्याकडून वाचून घ्या. आधार आणि बँकेच्या कागदांचे फोटो मी काढतच नाही.

बिल जमलं तशी भीड चेपली. मग आम्ही दोघं खानापूरमार्गे हलशीला गेलो. कदंब राजांची ही जुनी राजधानी. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघण्यासारखं आहे. अशा ठिकाणी रेंजचा भरवसा नसतो. तेव्हा साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढून ठेवायचा आणि रेंज आली की ट्रान्सलेटमध्ये गॅलरीतून तोच घ्यायचा. शिलालेखाचा मात्र नाद सोडा. बेळगावच्या किल्ल्यातल्या 1204 च्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, गेलात तरी तेच. जुनी कन्नड लिपी दगडावरून वाचणं हे फोनचं काम नव्हे.

देवळाबाहेर नव्या पाटीचा फोटो काढला, थोडं पुढं झाडाखाली रेंज आली आणि मी कर्णा दाबला. शेळ्या घेऊन चाललेली एक आज्जी थबकली. “यार री माताडोदु?” कोण बोलतंय म्हणून तिनं विचारलं. आम्ही फोन दाखवला. पाटीवर हेच लिहिलंय, म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रोज त्या पाटीवरून जाते म्हणाली, पण वाचता येत नाही. मग खाली बसली आणि परत लावायला सांगितलं.