मूल कॅनडाला निघतंय: बडोद्याच्या घरात आधी काय काय ठरवायचं

ऑफर लेटर आलं की पेढे जरूर वाटा, पण त्याच आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवा. आई, बाबा, जाणारं मूल आणि मागे राहणारं भावंड अशा सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि एक वही उघडायची. भावंडाला वगळून ही बैठक करू नका. पुढची कित्येक वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या, घरपट्टी, नळदुरुस्ती त्याच्याच वाट्याला येणार असते. न विचारता गळ्यात पडलेली जबाबदारी माणूस निभावतो, पण ती त्याला सलत राहते.

लिहून ठेवायचा संकोच वाटतो, तरी लिहाच. बडोदा संस्थानाने १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिकून आल्यावर संस्थानाची नोकरी, हे सगळं करारात होतं. घरच्या वहीत सही-शिक्क्याची गरज नाही. कोण काय देतंय आणि कधीपर्यंत, एवढं पुरे.

पहिलं पान कर्जाचं. समजा ३० लाख रुपये, १० टक्के व्याज, दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतर एक वर्ष हप्त्याला सवलत. या तीन वर्षांत हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं, तर सरळव्याजाने ९ लाख होतात आणि हप्ते सुरू होताना कर्ज ३९ लाखांचं झालेलं असतं. दहा वर्षांच्या फेडीत ३० लाखांचा हप्ता सुमारे ३९,६०० रुपये बसतो, ३९ लाखांचा ५१,५००. शिकत असताना व्याज भरत गेलात, तर ते महिना २५,००० पर्यंत जातं. प्रत्यक्षात बँक फीप्रमाणे टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, त्यामुळे आकडे थोडे कमी येतील. हे व्याज कोण भरणार, आणि मुलाला नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तर काय, ही दोन उत्तरं वहीत हवीत.

बाबांचा पीएफ आणि आईच्या मुदत ठेवी यांना हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. शिक्षणाला बँक कर्ज देते, सत्तरीतल्या आजारपणाला देत नाही. 'तिथे पार्टटाइम करून हप्ता पाठवीन' यावरही हिशेब बांधू नका. कॅनडात सत्र चालू असताना विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. त्यातून भाड्याला आणि किराण्याला हातभार लागतो, त्यापलीकडे फार नाही. म्हणूनच फी आणि प्रवास सोडून एकट्याच्या वर्षभराच्या खर्चासाठी स्टडी परमिटच्या (तिथे शिकायच्या परवान्याच्या) अर्जात २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायला लागतात. क्वेबेक वगळता हा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा आकडा आहे. तो बदलत असतो, अर्ज भरायच्या दिवशी पुन्हा पाहा.

सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांवर तारण मागतात, आणि बडोद्याच्या जुन्या मराठी घरांची गाडी इथेच अडते. दांडिया बाजारातला किंवा रावपुऱ्यातला वाडा अजून आजोबांच्याच नावावर असतो. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर वारसाई चढलेली नसते, काका पुण्याला आणि आत्या इंदूरला. असं घर बँक तारण घेत नाही, कारण सगळ्या वारसांचा त्यात हक्क आहे. आधी पेढीनामं (वारसांची वंशावळ), मग वारसाईची नोंद, आणि कुणी आपला हिस्सा सोडणार असेल तर सबरजिस्ट्रारकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र. यात महिने जातात, म्हणून प्रवेशाच्या अर्जासोबतच हे काम सुरू करा. आत्यांना 'नुसती सही हवी' म्हणून बोलावू नका. त्या नेमकं काय सोडताहेत ते त्यांना समजावून सांगा. जमत नसेल तर वाडा बाजूला ठेवून छोटं कर्ज आणि स्वस्त कॉलेज निवडणं बरं.

दुसरा अडथळा नावांचा. गुजरातच्या कागदांत वडील 'अनिलभाई' आणि आई 'वैशालीबेन' होतात, आधारवर मात्र नुसते अनिल आणि वैशाली. मार्कशीटवर आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. परदेशी अधिकाऱ्याला भाई-बेन हा नावाचाच भाग वाटतो. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच प्रत्येक अर्जात लिहा. जन्मदाखल्यात चूक असेल तर महानगरपालिकेतून दुरुस्त करून घ्या, फरक फक्त भाई-बेनचा असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. फक्त गुजरातीत असलेल्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह लागतं. बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या सत्रांच्या एकत्रित गुणपत्रिकेचे) जास्तीचे संच निघण्याआधीच घेऊन ठेवा, नंतर भावंडाला खेटे घालावे लागतात.

अर्ज एजंटकडून भरून घेणार असाल तर, कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायला तिथला परवाना लागतो. वकील नसलेल्या सल्लागाराचं नाव 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या यादीत शोधा. सापडलं नाही तर पैसे देऊ नका.

निघायच्या आधी बँकेत जाऊन मुलाचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं) करून घ्या. ओटीपी येणाऱ्या सिमवर रोमिंग सुरू करून एक एसएमएस तपासा आणि रिचार्जची तारीख वहीत लिहा. आई-बाबांची खाती 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' अशी हवीत, एकट्याच्या नावावर नकोत. मुखत्यारपत्रावर सगळी भिस्त ठेवू नका, देणारा गेला की ते तिथेच संपतं. कॅनडात बसून करून पाठवायचं असेल तर तिथे नोटरी आणि अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणन), आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक. ही मुदत लोक हमखास विसरतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे मृत्युपत्रही करा. दोन साक्षीदार घ्या, पण ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत.

सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. फोनची वेळ नक्की ठरवा. टोरांटो उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. बडोद्यात रात्री साडेआठ म्हणजे तिथे सकाळचे अकरा किंवा दहा. मूल तिथलं कायम रहिवासी झालं की सुपर व्हिसावर आई-बाबा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो, आणि वय वाढेल तसा तो महागतो.

शेवटचं पान आई-बाबांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. दोघांपैकी कुणाचं अचानक काही बरंवाईट झालं, तर मुलासाठी थांबायचं की विधी उरकायचे? टोरांटोहून मुंबई किंवा अहमदाबादमार्गे घरी पोचायला तिकीट लगेच मिळालं तरी एक दिवसाहून जास्त जातो. हा निर्णय मागे राहिलेल्या भावंडावर सोडू नका, नाहीतर काहीही केलं तरी बोल त्यालाच लागतो. मुलाने आपल्या व्हिसाची तारीख याच पानावर लिहावी. स्टडी परमिट चालू असलं तरी कॅनडात परत शिरायला पासपोर्टवर वैध व्हिसा लागतोच. तो संपलेला असेल तर घाईने आलेलं मूल इथेच अडकतं आणि सत्र बुडतं. संपायच्या तीन-चार महिने आधी तिथूनच नव्याचा अर्ज करायचा.