घरी विमान बांधताना साहित्य खराब झालं तर: या चुका टाळा

अ‍ॅल्युमिनियमचं विमान बांधणाऱ्याला पत्रा कारखान्यातून तयार मिळतो. फायबरग्लास (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि एपॉक्सीचं (हार्डनर कालवल्यावर घट्ट होणारं रेझिन) विमान बांधणारा मात्र मूळ साहित्यच आपल्या शेडमध्ये तयार करतो. कापड, रेझिन, हार्डनर आणि फोम एकत्र येऊन घट्ट झाले की मगच तो पंख होतो, आणि त्यातला एखादा घटक बिघडलेला असेल तर तो थरांच्या आत कायमचा झाकला जातो. म्हणून काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे रेझिन कालवण्याआधीच ठरवावं लागतं. बडोद्यात ही वेळ वारंवार येते. पावसाळ्यात हवा दमट, मे महिन्यात पत्र्याची शेड भट्टीसारखी तापलेली, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर विश्वामित्री नदीचं पाणी थेट लोकांच्या घरांत शिरलं.

पुरात भिजलेलं ग्लासचं कापड वाळवून पुन्हा वापरणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. काचेच्या धाग्यांवर सिलेन या रसायनाचं अत्यंत पातळ फिनिश असतं आणि त्याच्या जोरावर एपॉक्सी काचेला धरून राहते. पुराच्या पाण्यातून गाळ, तेल, गटारातली घाण येते आणि ती धाग्याधाग्यांत बसते. कापड धुवावं, तर वीण सरकते. एकाच दिशेच्या धाग्यांच्या कापडात तर धागे वाकडेच होतात, आणि वाकडा धागा पूर्ण ताण घेत नाही. वाळल्यावर हे कापड पुन्हा पांढरंशुभ्र दिसतं, म्हणून मोह होतो. ते सरावाला किंवा साच्यांना वापरा, विमानात मुळीच नको. नुसत्या दमट हवेत राहिलेल्या स्वच्छ कापडाची गोष्ट वेगळी. ते कोरड्या, उबदार खोलीत ठेवून वापरता येतं. कापडाची घडी मात्र कधीच घालू नका. घडीवर धागे तुटतात, आणि तशी पट्टी कापून बाजूला काढण्याला पर्याय नाही. कापड नळीवर गुंडाळून, झाकून ठेवावं.

कापड वाया गेलं की अनेकांची पावलं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीकडे वळतात, कारण एफआरपीच्या (फायबरग्लास-प्लास्टिकच्या) टाक्यांचं सामान तिथे सहज मिळतं. टाकीसाठी ते सामान योग्यच आहे. पण त्यातली मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांचे तुकडे चिकटवून केलेली चटई. ते तुकडे ज्या बाइंडरने चिकटवलेले असतात, तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळावा अशा बेताचा असतो. एपॉक्सीत तो नीट विरघळत नाही आणि मॅट धड भिजत नाही. पॉलिएस्टर रेझिन वापरावं, तर त्यातलं स्टायरीन पंखातला निळा पॉलिस्टायरीन फोमच खाऊन टाकतं. डिझायनरने दिलेल्या प्लॅनमध्ये लिहिलेलं कापड यायला महिना लागला तरी थांबा.

रेझिनच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते, चांगला माल फेकला जातो. हिवाळ्यातल्या थंड रात्रींनंतर डब्यातलं एपॉक्सी रेझिन रवाळ तुपासारखं दिसू लागलं, तर ते नासलेलं नसतं. त्यात स्फटिक झालेले असतात. झाकण सैल करून डबा सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका आणि तळापर्यंत ढवळत राहा. सगळं पारदर्शक झालं की रेझिन पूर्ववत. अर्धवट वितळवलेलं वापरू नका. उरलेल्या कणांभोवती पुन्हा स्फटिक धरतात आणि पंपाने मोजत असाल तर पंप अडकून प्रमाणच चुकतं. हार्डनर लालसर झाला म्हणूनही लगेच टाकू नका, वजन करून छोटा नमुना कालवून पाहा. तो दिलेल्या वेळेत कडक झाला नाही, तर मात्र डबा बाद. जास्त हार्डनर घालून काम उरकणं एपॉक्सीत चालत नाही. जादा हार्डनर तसाच उरतो आणि जोड मऊ राहतो.

फोम उन्हात राहिला की पृष्ठभाग पिवळा पडून त्याची भुकटी होते, आणि त्या भुकटीवर लावलेला थर फोमला धरतच नाही. ताजा फोम दिसेपर्यंत घासा. मोठ्या खड्ड्यात मायक्रोबलूनचं (काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या आणि एपॉक्सी यांचं) मिश्रण ओतून मोकळं होऊ नका. जाड मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापून आजूबाजूचा पॉलिस्टायरीन वितळवतं. त्याच फोमचा तुकडा बसवा. आणि युरेथेन या दुसऱ्या प्रकारचा फोम हॉटवायरने (तापलेल्या तारेने) कधीही कापू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पावसाळ्यातल्या लेअपवर (रेझिनने भिजवून बसवलेल्या कापडाच्या थरांवर) कधीकधी मेणचट साय येते. ती आधी कोमट पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर लावा. न धुता घासलं, तर ती साय पृष्ठभागात आणखी मुरते.

घट्ट झालेल्या थरात पांढरे डाग दिसले तर तिथे हवा अडकली आहे किंवा रेझिन पोचलेलं नाही. नाण्याने हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज थांबून बद्द आवाज येऊ लागेल, तिथे पेन्सिलने कड आखा. किती मोठा डाग चालतो, याची मर्यादा प्लॅनमध्ये दिलेली असते. त्यापुढे गेला तर खराब थर काढून दुरुस्ती करावी लागते: कडेला प्रत्येक थरामागे किमान १ इंच लांबीचा उतार, धाग्यांची दिशा मूळचीच, आणि भोवतीची चकाकी जाईल इतकंच घासणं. गाडीची पुट्टी भरून डाग झाकला, तर आकार परत येतो, ताकद येत नाही.

स्पार कॅपला (पंखाचा मुख्य भार घेणाऱ्या तुळईच्या पट्टीला) इजा झाली असेल तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी फोटो काढा, मापं लिहून ठेवा आणि डिझायनरकडे पाठवा. उत्तर येईपर्यंत पंख भिंतीला टेकवून उभा करू नका. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली एपॉक्सी तापलेल्या शेडमध्ये मऊ पडते आणि पंखाला पीळ बसतो. आडवा, लांबीभर आधार देऊन, सावलीत ठेवा.