पोटावर हात ठेवण्याआधी: या चुका टाळा

वॉर्डात नर्सिंगच्या मुलींची नवीन बॅच आली की पहिल्याच आठवड्यात हे बघावं लागतं. पेशंट म्हणतो, "सिस्टर, पोट दुखालंय", आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुलगी नेमक्या दुखऱ्या जागेवर चार बोटं रोवते. पेशंट कळवळतो, पोट आवळून घेतो. मग सर्जन आले तरी तो कुणाला हात लावू देत नाही. बेळगावात इतकी वर्षं नोकरी झाली, तरी हे बघितलं की माझा जीव तुटतो.

छाती तपासताना पाहणं, चाचपणं, ठोकणं आणि मग ऐकणं असा क्रम असतो. पोटाला तो चालत नाही. इथे आधी पाहायचं, मग ऐकायचं, मग बोटांनी ठोकायचं आणि चाचपणं शेवटी. आधीच दाबलंत तर आतड्यांची हालचाल बदलू शकते, मग कानाला येणाऱ्या आवाजावर भरवसा कसा ठेवणार? दुखरी जागा तर सगळ्यांत शेवटी. पहिला हात हलका, जेमतेम 1 सेंटिमीटर आत जाईल एवढाच. आणि दाबताना माझी नजर पेशंटच्या चेहऱ्यावर असते. तोंडाने "काही नाही" म्हणणारी आज्जी भुवई आक्रसते, ते पोटाकडे बघत बसलात तर निसटतं.

ऐकण्यातही घाई असते. अर्धा मिनिट स्टेथोस्कोप टेकवला आणि लिहिलं, "आवाज नाहीत". बेंबीच्या उजवीकडे खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथून सुरुवात करा. आवाज मिनिटाला साधारण 5 ते 30 येतात. ते नाहीतच असं लिहायचं तर पूर्ण 5 मिनिटं ऐकलेलं पाहिजे. मी घड्याळ काढून हातात धरते, अंदाजाने 5 मिनिटं कधीच होत नाहीत.

हे इतकं पोटतिडकीने सांगते त्याला एक मुलगा कारण आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतला, 14 वर्षांचा. आधी बेंबीभोवती दुखलं, एक उलटी झाली. घरच्यांना वाटलं बेंबी सरकली. कुणीतरी तेल लावून पोट चोळलं, रात्री एरंडेल पाजलं. आमच्याकडे आला तेव्हा दुखणं उजवीकडे खाली उतरलं होतं. अपेंडिक्सचा संशय होता, सकाळी ऑपरेशन ठरलं. पहाटे तीनच्या सुमाराला दुखणं एकाएकी थांबलं. आई हरखून म्हणाली, "आता दुखंना झालंय म्हणतोय, चहा देऊ काय?" ड्युटीवरच्या मुलीने लिहिलं, "वेदना कमी, पेशंट आरामात." मी फेरीला गेले तर नाडी 128. श्वासाबरोबर पोट हलत नव्हतं, हाताला फळीसारखं लागत होतं. पाच मिनिटं ऐकलं, एकही आवाज नाही. अपेंडिक्स फुटलं होतं. फुटल्यावर आतला ताण सुटतो म्हणून थोडा वेळ बरं वाटतं, मग पू पोटभर पसरतो. त्याला तासाभरात टेबलावर घेतलं. पोरगं वाचलं, पण घरी जायला बरेच दिवस लागले. म्हणून अशा पोटाला जुलाबाचं औषध नाही, एनिमा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, तोंडाने काही नाही. आणि वेदना अचानक गेली तर ताबडतोब डॉक्टरला उठवा, झोपमोड झाली म्हणून चिडला तरी.

घरच्यांना मात्र रागावू नका. चोळलं का, पाजलं काय, हे मी शांतपणे विचारते. रागावलं की पुढचा नातेवाईक ते लपवतो.

दुसरी चूक म्हणजे "गॅस". निपाणीकडचे एक काका छातीखाली जळजळतंय म्हणून आले. सोडा पिऊन ढेकर आली, थोडं बरं वाटलं होतं. घामाने बनियन भिजलेलं होतं, तरी सगळे गॅसच म्हणत होते. ईसीजी काढला तर हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. चाळिशीपुढच्या माणसाचं पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, विशेषतः साखरेचा आजार असेल, तर मी आधी ईसीजी काढते, गॅसचं औषध नंतर.

आपल्याकडे भाषेचाही घोळ होतो. कागवाड, निपाणीचा पेशंट मराठीत सांगतो, सौंदत्तीचा कन्नडमध्ये, आणि आपण दोघांच्या कागदावर "पोटदुखी" एवढंच लिहितो. मुरडा, कळ, जळजळ, गुबारा ही चार वेगळी दुखणी आहेत. पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा. कन्नड येत नसेल तर निदान "एल्लि नोवु?" (कुठे दुखतंय?) आणि "ओंदु बेरळिनिंद तोरिसि" (एका बोटाने दाखवा) एवढं शिका. एका बोटाने जागा दाखवणारा आणि सगळ्या पोटावरून तळवा फिरवणारा, या दोघांत फरक असतो.

बाकीच्या थोडक्यात. तपासण्याआधी लघवीला पाठवा, भरलेलं मूत्राशय गाठीसारखं लागतं. गुडघे वाकवून झोपवा. पावसाळ्यात बेळगावचे हात बर्फ असतात, ते चोळून गरम करा, स्टेथोस्कोपही. पोटाचा घेर मोजताना पेनाने खूण करा, नाहीतर सकाळची आणि संध्याकाळची टेप वेगळ्या जागी पडते.

काळी शौच म्हणजे लोहाच्या गोळ्या, असं परस्पर ठरवू नका. अथणी-चिक्कोडीच्या ऊसपट्ट्यातली माणसं अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी महिनोन्महिने घेतात, त्यातून जठरात व्रण होऊन रक्त जातं. ती शौच डांबरासारखी चिकट, चकचकीत असते आणि तिचा वास एकदा आला की विसरत नाही. मी भांडं स्वतः बघते, आयाच्या सांगण्यावर लिहीत नाही.

यल्लम्माच्या जत्रेनंतर जुलाबाचे पेशंट येतात, तेव्हा ओआरएसचं मोठं पाकीट पेल्यात अर्धं-अर्धं घालून देऊ नका. अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यात, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. नातेवाइकाला नुसतं सांगून मी निघत नाही, बाटली मोजून त्याच्याच हाताने कालवून घेते.