घरच्या संगणकाचा अँटिव्हायरस : या चुका टाळा

घरच्या संगणकासाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यावा का, असे मला विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या संगणकावर आधीच दोन अँटिव्हायरस बसलेले असतात आणि तिसऱ्याची चौकशी चाललेली असते. नियमित अपडेट होणारे विंडोज ११ असेल आणि संगणक इंटरनेटला जोडलेला असेल, तर वेगळा अँटिव्हायरस घेण्याची गरज सहसा नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर विंडोज व्हिस्टाच्या काळात केवळ स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्रॅम) पकडत असे; पूर्ण अँटिव्हायरस तो २०१२ च्या विंडोज ८ पासून झाला. ‘फुकट मिळतो म्हणजे कुचकामी असणार’ हा समज त्या जुन्या काळातला आहे आणि अजूनही तो उगाच टिकून आहे. घरचे संगणक बिघडतात ते बहुतेक वेळा डिफेंडर अपुरा पडला म्हणून नव्हे, तर मालकानेच त्याला बाजूला सारले म्हणून.

एकावर एक अँटिव्हायरस चढवणे

अँटिव्हायरस हा इतर प्रोग्रॅमसारखा वरवर बसत नाही. प्रत्येक फाइल उघडताना ती आधी आपल्या नजरेखालून जावी, यासाठी तो आपला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणारा साहाय्यक प्रोग्रॅम, फायलींच्या वाटेवर बसवतो. असे दोन पहारेकरी एकाच दारात उभे केले की प्रत्येक फाइलची झडती दोनदा होते आणि कधीकधी ते एकमेकांच्याच हालचालींवर संशय घेऊ लागतात. डिफेंडर या बाबतीत समंजस आहे: दुसऱ्या अँटिव्हायरसने विंडोजकडे नोंद केली की तो आपणहून बंद होतो. बाहेरून आणलेली दोन उत्पादने मात्र एकमेकांसाठी जागा सोडतीलच असे नाही.

एका परिचितांचा लॅपटॉप ‘व्हायरसमुळे’ इतका मंदावला होता की त्यांनी नवा घेण्याची तयारी केली होती. त्यावर लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला चाचणी अँटिव्हायरस होता; त्यावर कोणीतरी सुचवलेला दुसरा, मोफत अँटिव्हायरस होता; आणि या दोघांमुळे आलेला मंदपणा घालवण्यासाठी बसवलेला एक ‘क्लीनर’ होता. टास्क मॅनेजर उघडल्यावर डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसत होता आणि त्यातला मोठा वाटा या तीन रक्षकांचाच होता. पहिला अँटिव्हायरस सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केला, तरी त्याचे ड्रायव्हर मागे राहिले आणि त्यांच्यापायी डिफेंडर सुरू होईना. शेवटी त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून तिचे खास रिमूव्हल टूल आणून ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू करून, चालवावे लागले. दुसऱ्याची आणि क्लीनरचीही उचलबांगडी झाली, डिफेंडर जागा झाला, पूर्ण स्कॅन केले आणि त्यात एकही व्हायरस सापडला नाही.

तेव्हापासून नवा संगणक हाती आला की आधी चाचणी अँटिव्हायरस काढायचा, संगणक रीस्टार्ट करायचा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून पहाऱ्यावर कोण आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, एवढे मी न चुकता करतो. पहारा खरोखर चालू आहे का हे तपासायचे असेल तर आयकार नावाची ६८ अक्षरांची चाचणी फाइल मिळते. ती पूर्णपणे निरुपद्रवी असते, पण चालू असलेल्या अँटिव्हायरसने ती पाहताक्षणी अडवायला हवी.

क्रॅकसाठी अँटिव्हायरस ‘पाच मिनिटे’ बंद करणे

या चुकीबद्दल माझा संयम केव्हाच संपला आहे. क्रॅक म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर परवान्याशिवाय चालवून देणारा प्रोग्रॅम. फुकटात मिळवलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली सूचना सांगते, ‘अँटिव्हायरस बंद करा, तो खोटा इशारा देतो’, आणि पैसे वाचवण्याच्या घाईत माणूस त्या अनोळखी सूचनेवर विश्वास ठेवतो, समोर लाल अक्षरांत दिसणाऱ्या इशाऱ्यावर मात्र ठेवत नाही.

एका विद्यार्थ्याने असाच एक क्रॅक चालवला. डिफेंडर पुन्हापुन्हा आडवा येतो म्हणून त्याने अख्खा सी ड्राइव्हच एक्सक्लुजन्सच्या यादीत टाकला, म्हणजे ‘या ड्राइव्हकडे पाहूच नकोस’ असे बजावले. त्यानंतर वरवर सगळे सुरळीत दिसत होते. मग त्याच्या ईमेलमधून आणि समाजमाध्यमांवरील खात्यांतून भलतेच संदेश जाऊ लागले. पासवर्ड मजबूत होता, ओटीपीची सोयही होती, तरी खाती गेली, कारण चोराने पासवर्ड फोडलाच नव्हता. लॉगिन झाल्यावर ब्राउझर जी कुकी जपून ठेवतो, ती त्या प्रोग्रॅमने उचलली होती आणि ती हाती असेल तर बऱ्याच ठिकाणी ओटीपी पुन्हा विचारलाच जात नाही.

घरच्यांनी यावर उपाय म्हणून महागडा अँटिव्हायरस विकत आणला. चोरीला गेलेली कुकी कोणताही अँटिव्हायरस परत आणू शकत नाही. अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून सर्व खात्यांतून ‘सगळीकडून लॉग आउट’ करावे, तेथूनच पासवर्ड बदलावेत आणि बाधित संगणकावर विंडोज नव्याने बसवावे. नव्याने बसवण्याऐवजी काही जण डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनवर (विंडोज सुरू होण्याआधी होणाऱ्या तपासणीवर) थांबतात. मी थांबत नाही. कोणाचाही संगणक तपासायला घेतला की मी स्कॅनच्याही आधी एक्सक्लुजन्सची यादी उघडतो, आणि तिच्यात जे सापडते त्यावरून पुढची निम्मी कहाणी न सांगता कळते.

अपडेट पुढे ढकलणे

वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) मे २०१७ मध्ये जगभर हाहाकार माजवला, तेव्हा ज्या त्रुटीतून तो पसरला तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विस्तारित सुरक्षा अपडेट न घेता त्यावर नवा अँटिव्हायरस बसवून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ऑपरेटिंग सिस्टिममधील भोक अँटिव्हायरस बुजवत नाही.

काही किरकोळ, पण रोजच्या चुका

पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ असे येते, ते बहुधा एखाद्या संकेतस्थळाला आपणच दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे; ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढावी आणि त्या संदेशातील क्रमांकावर फोन मुळीच करू नये. रोजच्या कामासाठी ॲडमिन खाते वापरू नये. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नये, कारण रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. मॅकवर काहीच पहारा नसतो हा समजही चुकीचा आहे. ॲपलचा एक्सप्रोटेक्ट हा अंगभूत पहारेकरी २००९ पासून तेथे आहे.

‘जास्त असला तर बिघडले कुठे?’ हा युक्तिवादही मला मान्य नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक बंद पडले. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली, आणि त्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्या सॉफ्टवेअरला संगणकातील प्रत्येक फाइल पाहण्याची मुभा द्यायची, ते जास्तीचे म्हणून सहज बसवण्याची वस्तू नाही.

वेगळ्या अँटिव्हायरसचा विचार मी एका परिस्थितीत जरूर करेन. डिफेंडर नव्या धोक्यांची खातरजमा करण्यासाठी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील सर्व्हरवर, बराच अवलंबून असतो आणि इंटरनेट नसताना त्याची पकड सैल होते. संगणक बहुतांश काळ जोडणीविना चालत असेल आणि त्याला दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागत असतील, तर एव्ही-टेस्ट किंवा एव्ही-कंपॅरेटिव्हज या अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे अलीकडचे निकाल पाहून एकच चांगले उत्पादन घ्यावे. एव्ही-कंपॅरेटिव्हजच्या अहवालात ऑफलाइन ओळखण्याचे प्रमाण वेगळे दिलेले असते; अशा संगणकासाठी तोच आकडा आधी पाहावा.