सकाळच्या शिंका आणि मुलाचं अंथरूण

मूल उठल्या उठल्या सटासट शिंकत असेल, तर आधी अंथरूण बघा. गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे राहतात आणि बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. त्यामुळे गादीला नुसतं ऊन दाखवून भागत नाही. चादरी, अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यात बरेच किडे जिवंत राहतात. गादी-उशीला घट्ट विणीची, चारी बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घाला. मऊ खेळणी पिशवीत बांधून 24 तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर धुवाच, कारण गारठ्याने किडे मरतात, विष्ठा तशीच राहते. गोधडी झटकायची ती मूल घराबाहेर असताना. छातीत घरघर किंवा धाप असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.